औषध पोचवणारा हात

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)

 

समितीने मला बोलायला सांगितले तेव्हा विषय माझ्यावर सोडला. विषय मला आपल्या रविवारच्या अभ्यासवर्गात मिळाला. आपल्याच वस्तीतली एक मुलगी वर्ग सुटल्यावर मागे थांबली. म्हणाली, "काका, मी एच. आर. चा कोर्स करतेय. पण घरी बाबा म्हणतात, ते खातं म्हणजे माणसं काढायचं खातं. आपण बाबासाहेबांची माणसं, तू तिकडं कुठं चाललीस? आता मी काय करू?"

मी त्या दिवशी तिला काही उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर तिच्या बाबांचे म्हणणे मला पटत होते. मनुष्यबळ विभाग, एच. आर., ही नावे आत्ताची. आमच्याकडे लेबर ऑफिसर आणि टाइम ऑफिस असेच म्हणायचे. आपल्या लोकांनी हे खाते कायम टेबलाच्या अलीकडून पाहिले. त्या खात्याचे तीन कागद आपल्याला माहीत. एक नेमणुकीचा, दुसरा मेमोचा आणि तिसरा कामावरून कमी केल्याचा. त्यातलाही नेमणुकीचा कित्येकांना मिळालाच नाही. आधी बदलीवर राबलो, मग ठेक्यावर राबलो.

माणूस भरणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते हे आपल्या आज्या-पणज्यांनी भोगलेले आहे. मुंबईच्या गिरण्यांत माणूस भरायचे काम जॉबरकडे असायचे. जॉबर आपल्या ओळखीचा, आपल्या नात्या-जातीचा माणूस आत घ्यायचा. आपल्या लोकांना कताईकडे काम मिळायचे, पण साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, पाऊल टाकू देत नसत. पगार मात्र तिथे जास्त. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागायचा आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. लाल बावट्याखाली एकत्र बसणारे कामगारसुद्धा धोट्यापाशी येऊन वेगळे होत होते. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना ठणकावून सांगितले, की अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात प्रवेश ही मागणी तुमच्या यादीत आली पाहिजे. मजुरीचा प्रश्न जेवढा मोठा, तेवढाच कोणाला कोणत्या कामावर घ्यायचे हा प्रश्न मोठा, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

मग मी विचार केला, की बाबासाहेब जर या प्रश्नासाठी एवढे झगडले, तर त्या खुर्चीकडे पाठ फिरवून कसे चालेल? त्या खुर्चीवर बसून कोणी चांगले काम केले आहे का, ते शोधू या. शोधता शोधता एका बाईची हकीकत वाचनात आली. आज तीच सांगतो. देश परका आहे, पण गोष्ट परकी वाटणार नाही.

ऑफेलिया डाल हे तिचे नाव. जन्म इंग्लंडमधला, १९६४ सालचा. वडील रोआल्ड डाल, मुलांसाठी पुस्तके लिहिणारे जगप्रसिद्ध लेखक. आई पॅट्रिशिया नील, ऑस्कर मिळवलेली सिनेनटी. म्हणजे घरात कशाला कमी नव्हते. पण दुखण्यापुढे पैसा आणि नाव चालत नाही. ऑफेलियाच्या जन्माआधीच तिची सात वर्षांची बहीण १९६२ साली गोवरातून मेंदूला सूज येऊन गेली. ऑफेलिया अजून मांडीवर होती तेव्हा, १९६५ साली, आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला. बोलणे गेले, चालणे गेले. तिला पुन्हा बोलते करायला गावातले शेजारी पाळीपाळीने घरी यायचे. रोज बसून शब्द शिकवायचे. त्यातले बहुतेक डॉक्टर नव्हते, नर्स नव्हते. पण आई पुन्हा उभी राहिली आणि पुन्हा सिनेमात कामही केले. आजाऱ्याला औषधाइतकीच माणसाची सोबत लागते, हा धडा तिच्या घरातच गिरवला गेला होता.

१९८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ही मुलगी हैती नावाच्या देशात डोळ्यांच्या एका दवाखान्यात मदतनीस म्हणून गेली. हैती हा कॅरिबियन समुद्रातला देश. तिथल्या काळ्या गुलामांनी बंड करून फ्रेंच मालकांना हाकलले आणि १८०४ साली स्वातंत्र्य मिळवले. गुलामाला गुलामीची जाणीव झाल्यावर काय घडते याचा दाखला इतिहासात बघायचा असेल तर तो हैतीत आहे. पण त्या बंडाची किंमतही त्यांना मोजावी लागली. १८२५ साली फ्रान्सने उलट त्यांच्याकडूनच भरपाई मागितली आणि पुढे पिढ्यान्पिढ्या तो देश कर्ज फेडत बसला.

मिरबले नावाच्या गावात ऑफेलियाची गाठ पॉल फार्मर या तेवीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाशी पडली. तो पुढे डॉक्टर झाला. जवळच कांज नावाची वस्ती होती. १९५६ साली तिथे धरण झाले, शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि वीज गेली शहराकडे. माणसे डोंगरावर चढून खडकाळ जमिनीवर झोपड्या बांधून राहिली. हे ऐकताना आपल्याकडची धरणे आणि आपले धरणग्रस्त कोणाला आठवणार नाहीत? या दोघांनी हैतीतल्याच तरुणांना सोबत घेऊन गावोगाव घरटी नोंद केली. कोणाच्या घरात किती माणसे, किती मुले गेली, कोण आजारी आहे, हे विचारत हिंडले. कामाची सुरुवात अशी माणसे मोजण्यापासून झाली.

१९८७ साली अमेरिकेत बॉस्टन शहरात 'पार्टनर्स इन हेल्थ' ही संस्था निघाली. स्थापन करणाऱ्यांत फार्मर आणि ऑफेलिया यांच्यासोबत जिम याँग किम, टॉड मॅकॉर्मॅक हे तरुण आणि टॉम व्हाइट नावाचे बांधकाम ठेकेदार होते. व्हाइट यांनी आपली बहुतेक संपत्ती पुढे दान करून टाकली. नावाचा अर्थ आरोग्यातले भागीदार, सोबती. हैतीतल्या शाखेचे नावही त्याच अर्थाचे आहे.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. १९८८ च्या अखेरीस कांजमध्ये क्षयाचे तीन रोगी दगावले. औषध फुकट होते, दवाखाना होता, तरी माणसे मेली. मग दवाखान्याची सगळी माणसे विचार करायला बसली. शिकलेल्यांपैकी काही म्हणाले, हे लोक अडाणी, करणी-जादूटोण्यावर विश्वास ठेवतात, गोळ्या अर्धवट सोडतात. गावातून आलेले आरोग्य कार्यकर्ते म्हणाले, तसे नाही. यांच्या घरात खायला नाही. दवाखान्यात यायचे तर दिवसाची मजुरी बुडते. थोडे बरे वाटले की माणूस कामावर जातो आणि गोळ्या सुटतात.

मग त्यांनी वाद घालत न बसता तपासून पाहिले. रोग्यांचे दोन गट केले. औषध दोघांनाही फुकट. एका गटाला त्याशिवाय दरमहा थोडे पैसे, खाण्याची मदत, येण्याजाण्याचे भाडे दिले आणि गावातलाच एक आरोग्य कार्यकर्ता घरी भेटी देऊ लागला. त्या गटातले सगळे रोगी बरे झाले. नुसते औषध मिळालेल्या गटात निम्म्याच्या आसपासच बरे झाले. आणि जादूटोण्याचे विचारले तर जवळजवळ सगळेच त्यावर विश्वास ठेवणारे निघाले, बरे झालेलेसुद्धा! अंधश्रद्धा चांगली असे मी म्हणत नाही, आपण ती बावीस प्रतिज्ञांनी सोडलेली आहे. पण गरिबाच्या दुखण्याचे खापर त्याच्या अडाणीपणावर फोडून मोकळे होणारे लोक कसे चुकतात, हे यातून दिसते.

त्या घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्याला त्यांनी नाव दिले 'सोबती'. हा सोबती शेजारचाच असतो. कधी तो स्वतः त्या रोगातून उठलेला असतो. रोज दारात जायचे, गोळी समोर घ्यायला लावायची, घरात चूल पेटली का बघायचे, नाही पेटली तर दवाखान्यात कळवायचे. १९९८ पासून एड्सच्या रोग्यांनाही त्यांनी अशाच सोबत्यांमार्फत औषध द्यायला सुरुवात केली. त्या वेळी मोठमोठे तज्ज्ञ म्हणत होते, की गरीब देशातल्या खेड्यात हे उपचार जमायचे नाहीत. ते जमले.

मित्रहो, इथे कामगाराचा प्रश्न येतो. या सोबत्याला पैसे द्यायचे की नाही? जगभरच्या आरोग्य कार्यक्रमांत त्या काळी शहाणपण असे होते, की गावातल्या माणसाने सेवा म्हणून काम करावे. पगार सुरू केला तर तो कायमचा परवडणार नाही. डॉक्टरला पगार, साहेबाला गाडी, सल्लागाराला विमानाचे तिकीट, हे सगळे परवडत होते. फक्त उन्हात डोंगर चढणाऱ्या बाईचे चार पैसे परवडत नव्हते! पार्टनर्स इन हेल्थने पैसे द्यायचे ठरवले. ज्याच्या स्वतःच्या घरी संध्याकाळची भाकर नाही, त्याच्याकडून फुकट काम घ्यायचे आणि वर त्याला स्वयंसेवक म्हणायचे, ही त्यांना सेवा वाटली नाही. तिथे दुसरे कामही नव्हते. म्हणजे ज्याच्या गावात रोग, त्याच गावात रोजगार. एका पैशात दोन दुखण्यांवर औषध.

आता तुम्ही विचाराल, यात ऑफेलियाबाईंचे काम कोणते? डॉक्टर फार्मर जगभर गाजले. त्यांच्यावर पुस्तके निघाली. पण डॉक्टर डोंगर चढून रोग्याकडे जातो तेव्हा मागे कोणीतरी पगाराची तारीख सांभाळत असतो. नवी माणसे घेत असतो, त्यांना शिकवत असतो, देणगीदाराला सांगत असतो की तुमचे पैसे इमारतीला नकोत, माणसांच्या पगाराला हवेत. ते काम ऑफेलियाबाईंच्या वाट्याला आले. त्या डॉक्टर नव्हत्या. कॉलेजची पदवीसुद्धा त्यांनी संस्था काढल्यानंतर, १९९४ साली, घेतली. कागदावर हुद्दा एच. आर. चा नव्हता. २०१५ पर्यंत दीड दशकाच्या आसपास त्या कार्यकारी संचालक होत्या, विश्वस्त मंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. पण कामाचा गाभा माणसे जोडणे आणि जोडलेली टिकवणे हाच होता.

त्यांच्या काळात संस्था पसरली. १९९४ साली पेरूची राजधानी लिमाच्या झोपडपट्टीत काम सुरू झाले होते. तिथे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा क्षय होता. तज्ज्ञ म्हणत होते, हे उपचार गरिबांसाठी फार महाग आहेत. वस्तीतल्याच तरुणांना शिकवून घरोघर औषध दिले आणि बहुसंख्य रोगी बरे झाले. २००५ मध्ये रवांडात, नंतर लेसोथो आणि मलावीत, २०१४ च्या इबोला साथीत सिएरा लिओन आणि लायबेरियात काम गेले. ठिकठिकाणी पद्धत एकच. बाहेरची माणसे थोडी, त्या देशातली माणसे जास्त. आज संस्थेत काम करणारे हजारोंच्या संख्येने आहेत आणि जवळजवळ सगळे त्या त्या देशातलेच आहेत. रवांडात बुतारो इथे तर त्यांनी आरोग्याचे विद्यापीठच काढले, म्हणजे उद्याचे डॉक्टर आणि व्यवस्थापक तिथलेच तयार व्हावेत. २०१९ साली संस्थेच्या प्रमुखपदी शीला डेव्हिस आल्या. त्या मूळच्या नर्स. डॉक्टरच्या मागे ट्रे घेऊन उभी राहणारी म्हणून जिच्याकडे बघितले जाते, ती बाई संस्था चालवू शकते, हे आपल्या नर्स मुलींनी लक्षात ठेवावे.

१२ जानेवारी २०१० ला हैतीत भयंकर भूकंप झाला. राजधानी कोसळली. जगभरातून मदत निघाली, पण विमान उतरेपर्यंत जखमींना उचलणारे हात कोणाचे? तिथल्याच माणसांचे. ज्यांची स्वतःची घरे पडली, नातेवाईक गेले, ते हैतीचे डॉक्टर, नर्स आणि सोबती कामावर उभे होते. वर्षानुवर्षे त्यांना घडवले होते म्हणून ते त्या दिवशी तिथे होते. पुढे २०१३ साली, जिथे ऑफेलिया आणि फार्मर तीस वर्षांपूर्वी भेटले त्याच मिरबले गावात, तीनशे खाटांचे शिकवणारे रुग्णालय उभे राहिले.

मी तुम्हाला स्वर्गाची गोष्ट सांगत नाही. डॉक्टर फार्मर २१ फेब्रुवारी २०२२ ला बुतारोतच गेले, वय अवघे बासष्ट. २०२५ साली सशस्त्र टोळ्यांनी मिरबलेवर हल्ला केला आणि ते रुग्णालय रिकामे करावे लागले. चांगले काम उभे राहायला तीस वर्षे लागतात आणि मोडायला एक आठवडा पुरतो. पण भिंती रिकाम्या झाल्या तरी शिकवलेली माणसे शिकलेलीच राहतात.

आणि सगळ्याच संस्था अशा वागतात असेही नाही. 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' ही १९७१ साली निघालेली संस्था. युद्धात, साथीत जिवावर उदार होऊन काम करते. १९९९ चे शांततेचे नोबेल तिला मिळाले. तिच्यातही २०२० साली हजाराहून जास्त आजी-माजी कर्मचाऱ्यांनी पत्र लिहून सांगितले, की आपल्या संस्थेत वंशभेद आहे. बहुसंख्य काम त्या त्या देशातली माणसे करतात, पण मोठ्या जागा आणि मोठे पगार बाहेरून आलेल्यांना. सेवा करणाऱ्या संस्थेतही साचेखाते असते, मित्रहो. ते शोधून उघडावे लागते.

आता धम्माकडे येतो. तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला जो उपदेश केला, त्यात मालकाने नोकराशी कसे वागावे याचे पाच नियम आहेत. त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे. जेवण आणि मजुरी द्यावी. आजारात त्याची काळजी घ्यावी. काही चांगले खायला केले तर त्यातला वाटा त्याला द्यावा. वेळेवर सुट्टी द्यावी. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मालक आणि नोकर यांच्यासाठीचा विनय घेतलेला आहे. कामाचे प्रमाण, पगार, आजारपणाची रजा, सुट्टी! आजच्या एच. आर. च्या पुस्तकात यापेक्षा वेगळे काय असते? अडीच हजार वर्षांपूर्वी ते सांगून ठेवले आहे.

आणखी एक प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी होऊन स्वतःच्या घाणीत पडला होता. बाकीचे भिक्खू त्याला बघत नव्हते, कारण तो त्यांच्या उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला गोळा करून विचारले, की तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? संघाचे प्रमुख स्वतः घाण काढतात, म्हणजे हे काम हलके नाही. आपल्याकडे मात्र जो घाण काढतो तो खालचा आणि जो सही करतो तो वरचा.

आता आपल्या घरात डोकावू. २००५ पासून आपल्या देशात आशा सेविका आहेत. दहा लाखांच्या आसपास बाया. आपल्या किती लेकी-सुना त्यात आहेत, हात वर करा म्हटले तर हा हॉल भरेल. बाळंतीण दवाखान्यात नेणे, लसी, क्षयाच्या गोळ्या, कोरोनात दारोदार फिरणे, सगळे त्यांनी केले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना सन्मान दिला. टाळ्या वाजल्या. पण कागदावर त्या स्वयंसेविका, आणि मिळते तो पगार नव्हे, मोबदला. २०२१ आणि २०२३ साली महाराष्ट्रातल्या आशांना त्यासाठी संप करावा लागला. खुद्द जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, की असे काम करणाऱ्यांना कामाच्या भाराप्रमाणे मेहनताना द्या, आणि नुसते कामागणिक पैसे देऊन भागवू नका. कांजच्या डोंगरावर जे उमगले ते जगाने कागदावर मान्य केले. हातात पडायचे आहे.

शेवटी एक बोलतो, राग मानू नका. सरकारला बोलणे सोपे आहे. आपल्या या विहारात बालवाडी चालवणारी ताई आहे, रोज सकाळी झाडलोट करणारी मावशी आहे. आपण त्यांना काय देतो? दिवाळीला साडी आणि वर्धापन दिनाला गुलाबाचे फूल. समितीत मीही आहे, म्हणून हा दोष पहिला माझा. दर वर्षी हिशेब वाचताना मंडपाचा खर्च, लाऊडस्पीकरचा खर्च, स्मरणिकेच्या छपाईचा खर्च असतो. या दोघींच्या नावापुढे 'सेवाभावी' असे लिहिलेले असते. तो शब्द मीच लिहीत आलो. आज या मंचावरून समितीला विनंती करतो, की पुढच्या बैठकीत पहिला विषय हा घ्या. रक्कम ठरवा, तारीख ठरवा, आठवड्याची सुट्टी ठरवा. मंडप थोडा लहान झाला तरी चालेल.

आणि त्या मुलीला, ती आज समोर बसली आहे, माझे उत्तर सांगतो. बेटा, तू तो कोर्स पुरा कर. तुझ्या बाबांची भीती खोटी नाही, म्हणून ती विसरू नकोस. त्या खुर्चीवर बसशील तेव्हा माणसे काढायचा कागदही एखाद दिवशी तुझ्यासमोर येईल. त्या दिवशी साचेखात्याचे दार आठव. ज्याची सही त्या कागदावर हवी आहे, त्या माणसाच्या घरी चूल पेटते का, हे विचारणारे त्या टेबलावर कोणीतरी आपले असायला हवे. आपल्या मुली डॉक्टर व्हाव्यात, वकील व्हाव्यात, तशाच तिथेही पोचाव्यात. कोणाला घ्यायचे, काय द्यायचे हे जिथे ठरते, ती जागा आपण मोकळी सोडायची नाही.



नमो बुद्धाय! जयभीम!